ग्रॅव्हल सायकलसाठी वेगवान, हलके आणि पंक्चरला सहजी बळी न पडणारे टायर कसे निवडावेत?

खडीवाट (प्रश्न):

सप्रेम नमस्कार. माझ्या ग्रॅव्हल सायकलचे, म्हणजे खडी-मातीच्या वाटांसाठीच्या सायकलचे, टायर झिजत आले आहेत. नवी जोडी घेण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हा धागा उघडत आहे.

सायकलची चाके ७००सी मापाची आहेत, रिमची आतील रुंदी २३ मिमी आहे आणि रिम ट्यूबलेससाठी योग्य आहेत. फ्रेममध्ये ४५ मिमीपर्यंतचा टायर बसतो असे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिले आहे. माझे वजन ७२ किलो असून सायकल, पाणी आणि सामान धरून एकूण भार ८५ किलोच्या आसपास जातो. एका फेरीत १०० ते १६० किमी अंतर होते. त्यातला साधारण एक तृतीयांश रस्ता डांबरी, बराचसा टणक मातीचा आणि बारीक खडीचा, आणि मधले काही तुकडे धारदार सुट्या दगडांचे असतात.

सध्या ३८ मिमीचे टायर मी ट्यूब घालून वापरतो. काटा शिरून होणारे पंक्चर आणि दगडावर चाक आपटल्यावर ट्यूबला शेजारी-शेजारी पडणारी दोन छिद्रे, असे दोन्ही त्रास मला आहेत. शिवाय मागच्या टायरची बाजूची भिंत एकदा दगडाने कापली गेली होती.

नवे टायर शोधताना दोन टोके दिसतात. एकीकडे ४२० ते ४५० ग्रॅमचे, स्पर्धेसाठी म्हणून विकले जाणारे टायर आहेत, तर दुसरीकडे जादा संरक्षक थर असलेले ५७० ते ६०० ग्रॅमचे टायर आहेत. एका टायरमागे १५० ग्रॅम वाढले तर वेगात नेमका किती फरक पडतो, संरक्षक थराचा खरोखर उपयोग होतो का, आणि आता ट्यूब सोडून ट्यूबलेसकडे वळावे का, हे मला समजून घ्यायचे आहे.

चाकोरी:

वेग, हलकेपणा आणि पंक्चरपासून संरक्षण अशा तीन अपेक्षा आपण एकत्र मांडल्या आहेत. त्यांपैकी काही सोडावे लागणार असेल, तर सर्वांत आधी हलकेपणा सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात सापडते.

दोन्ही टायर मिळून ३०० ग्रॅम वाढले असे धरू. ८५ किलोच्या एकूण भारात हे ३०० ग्रॅम म्हणजे सुमारे ०.३५ टक्के. उभ्या चढावर बहुतेक ताकद गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्च होते, त्यामुळे एक तास चालणाऱ्या चढाला या वजनापायी फार तर बारा-तेरा सेकंद जास्त लागतील. चाकाच्या परिघावरचे वजन फिरतेही आणि पुढेही जाते, म्हणून वेग वाढवताना ते जवळपास दुप्पट जाणवते हे खरे आहे. परंतु एकसारख्या वेगाने चालताना तो परिणाम उरत नाही, आणि वेग घेण्यासाठी दिलेली ऊर्जा ब्रेक लावेपर्यंत चाकातच साठून राहते. सपाट रस्त्यावर या ३०० ग्रॅमपायी लोटण्याचा विरोध (रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे चाक रस्त्यावरून फिरताना होणारा अडथळा) जेवढा वाढतो, तो एका वॅटच्या एक-दोन दशांशांपलीकडे जात नाही.

आता याच्या शेजारी टायरच्या स्वतःच्या लोटण्याच्या विरोधाचा हिशेब ठेवून पाहा. चांगल्या आणि मंद ग्रॅव्हल टायरच्या विरोध-गुणांकात, म्हणजे भाराच्या मानाने विरोध किती हे सांगणाऱ्या आकड्यात, ०.००२ इतका फरक सहज असू शकतो. ८५ किलो भार आणि ताशी २७ किमी वेग धरला, तर एवढ्या फरकासाठी सतत साडेबारा वॅट जादा मोजावे लागतात, आणि तेही दिवसभर. म्हणून टायर निवडताना तराजूवरच्या आकड्याआधी लोटण्याच्या विरोधाचा आकडा शोधावा.

हा विरोध कशातून येतो, हे कळले की निवड सोपी होते. चाक फिरताना जमिनीला टेकलेला टायरचा भाग दबतो आणि पुन्हा आपल्या आकारात येतो. दाबताना दिलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. तिचा काही अंश रबराच्या आणि केसिंगच्या, म्हणजे रबराखालच्या विणलेल्या थराच्या, आतल्या घर्षणात उष्णता होऊन जातो. रबर जितके जाड आणि केसिंग जितके ताठ, तितकी ही गळती अधिक. रबराचे मिश्रणही इथे फार महत्त्वाचे ठरते, कारण एकाच जाडीच्या दोन टायरमध्ये केवळ मिश्रणामुळे मोठा फरक पडू शकतो.

खडीवर याखेरीज आणखी एक खर्च असतो. टायर फार कडक फुगवला, तर प्रत्येक खड्यावर चाक, सायकल आणि स्वार असे सगळेच वर उचलले जातात, आणि ही ऊर्जा शरीराच्या हादऱ्यांत विरून जाते. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत फिरत्या ड्रमवर टायर तपासला की हवेचा दाब वाढवत गेल्यावर विरोध कमीच होत जातो; खडबडीत रस्त्यावर मात्र एका मर्यादेनंतर दाब वाढवल्यास विरोध उलट वाढू लागतो. म्हणूनच रुंद टायर आणि कमी दाब हा खडीवर मंद पर्याय नाही. आपल्या सायकलवर ४२ ते ४५ मिमीचा टायर बसत असताना ३८ मिमीवर राहण्याचे कारण मला दिसत नाही.

पंक्चरकडे वळू. आपण सांगितलेले तिन्ही त्रास एकमेकांपासून वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. सराट्याचा काटा, तारेचा तुकडा किंवा काचेची कपची टायरच्या मधोमध शिरते; त्यावर ट्यूबलेस टायरमधले सीलंट, म्हणजे आत ओतलेला छिद्र बुजवणारा द्रव, हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, कारण एवढी बारीक छिद्रे ते बहुधा चाक फिरता फिरताच बुजवते. दोन छिद्रांचे पंक्चर रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटली गेल्याने होते. ट्यूबच काढून टाकली की त्याचा मोठा भाग संपतो, आणि टायर रुंद असला की रिमपर्यंत धक्का पोहोचण्याआधी दबायला जास्त हवा मिळते. तिसरा प्रकार, म्हणजे बाजूच्या भिंतीला पडणारा काप, सर्वांत वाईट. तो लांब असेल तर सीलंट त्याला पुरत नाही. संरक्षक थराचा विचार करायचा तो मुख्यतः या तिसऱ्या प्रकारासाठी.

तेव्हा माझा सल्ला असा की ट्यूबलेस, ४२ ते ४५ मिमी रुंदी, मधला पट्टा जवळजवळ गुळगुळीत आणि कडेला लहान उंचवटे असलेली नक्षी, आणि बाजूच्या भिंतीपर्यंत पोहोचणारा संरक्षक थर, या चार गोष्टी आधी ठरवाव्यात आणि त्यानंतर जे वजन येईल ते स्वीकारावे.

दगडमाती:

चाकोरी यांचा हिशेब बरोबर आहे, परंतु हलकेपणा सरसकट सोडून द्यावा हे मला अर्धेच पटते. टायरचे वजन हे मंदपणाचे कारण नसले, तरी बरेचदा ती त्याची खूण असते. टायर हलका होतो तो रबर आणि केसिंग पातळ केल्यामुळे, आणि त्याच पातळपणामुळे तो लवकर दबतो व लवकर सावरतो. म्हणून ५८० ग्रॅमचा टायर हाती घेतल्यावर विचारायचा प्रश्न असा की हे जादा ग्रॅम नेमके कुठे घातले आहेत.

ते केवळ मधल्या रबराच्या जाडीत घातले असतील, तर काटा आणि झीज यांपासून थोडे संरक्षण मिळते, पण वेग घटतो आणि बाजूची भिंत जशीच्या तशी उघडी राहते. ते नक्षीखालच्या अरुंद पट्ट्यात असतील, तर मधून शिरणाऱ्या काट्याला अटकाव होतो. भिंतीला मात्र त्याचा काहीही उपयोग नाही. एका बीडपासून दुसऱ्या बीडपर्यंत, म्हणजे टायर रिमला धरणाऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, थर गेलेला असेल तरच धारदार दगडांसाठी दिलेली वजनाची किंमत सार्थकी लागते. आपली भिंत कापली गेली आहे. त्यामुळे आपल्याला हाच फरक पाहावा लागेल.

निर्माते हा फरक आपापल्या नावांनी दाखवतात. मॅक्सिसच्या टायरवर ‘एक्सो’ लिहिलेले असेल तर संरक्षण बाजूच्या भिंतींना असते, आणि ‘सिल्कशील्ड’ असेल तर ते बीडपासून बीडपर्यंत जाते. त्यांचा रॅम्बलर हा टायर या दोन्ही प्रकारांत निघाला आहे. डब्ल्यूटीबीच्या टायरवरचे ‘एसजी२’ हे चिन्हही बीडपासून बीडपर्यंतच्या नायलॉन थराचे आहे. रेने हर्स यांच्याकडे एकाच नक्षीचा टायर ‘एक्स्ट्रालाइट’ आणि ‘एन्ड्युरन्स’ अशा वेगवेगळ्या केसिंगमध्ये मिळतो, त्यामुळे एकाच टायरचा हलका आणि दणकट अवतार शेजारी-शेजारी ठेवून तुलना करता येते. एकाच नावाच्या टायरविषयी लोकांची मते परस्परविरोधी दिसतात, त्यामागे अनेकदा त्यांनी वापरलेले केसिंग वेगळे असणे हेच कारण असते. म्हणून टायरचे केवळ नाव पाहून मागवू नये, पूर्ण वर्णन वाचावे.

वेगाच्या बाजूने कॉन्टिनेंटलचा टेरा स्पीड आणि श्वाल्बेचा जी-वन आरएस हे दोन्ही टायर खरोखरच फार वेगवान आहेत. टणक माती आणि बारीक खडी असेल तर मी त्यांची शिफारस निःसंकोच करेन, परंतु धारदार दगडांच्या लांब पट्ट्यांसाठी मागच्या चाकावर त्यांना घालणार नाही. स्पेशलाइज्डचा पाथफाइंडर प्रो हा मधोमध गुळगुळीत पट्टा असलेला टायर आपल्या मिश्र रस्त्यांना अधिक जवळचा वाटतो. तो ४२ मिमीतही येतो आणि वेग व टिकाऊपणा यांचा मेळ त्याच्यात चांगला साधला आहे.

पुढचा आणि मागचा टायर एकच असायला हवा, हा आग्रहही सोडावा. मागच्या चाकावर अधिक भार असतो, पुढच्या चाकाने उभी केलेली खिळा-काट्यासारखी वस्तू मागच्या टायरमध्ये शिरते, आणि ताकद लावताना घासला जातो तोही मागचाच. त्यामुळे मागे बीडपासून बीडपर्यंत संरक्षण असलेला, गुळगुळीत मध्यपट्ट्याचा टायर आणि पुढे त्याहून हलका, वळणावर पकड देणारा टायर, अशी जोडी मला सर्वांत समंजस वाटते. यात वजन वाढते ते फक्त जिथे गरज आहे तिथे.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया इथे होणाऱ्या अनबाउंड या शर्यतीकडे पाहिले तरी हेच दिसते. तिचा मुख्य पल्ला २०० मैलांचा, म्हणजे सुमारे ३२० किमीचा आहे आणि वाट फ्लिंट हिल्स या टेकड्यांमधून जाते. तिथले गारगोटीसारखे धारदार दगड टायरच्या भिंती कापण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. अलीकडच्या काळात तिथे आघाडीच्या स्वारांपैकी अनेकांनी सायकलमध्ये जागा असल्यास २.१ ते २.२ इंची माउंटन बाइकचे वेगवान टायर घालायला सुरुवात केली आहे. ज्यांना एकेक सेकंद मोलाचा आहे, त्यांनीही अरुंद आणि हलका टायर सोडून रुंद टायर जवळ केला आहे, याची नोंद घ्यावी.

खडीवाट:

दोघांचेही मनापासून आभार. जादा ग्रॅम कुठे घातले आहेत हा प्रश्न मला सुचलाच नसता. आणखी दोन शंका आहेत. टायरवर ‘६० टीपीआय’, ‘१२० टीपीआय’ असे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे चांगला टायर, असे समजावे का? आणि ट्यूबलेसची देखभाल टाळायची असेल, तर टीपीयूच्या (एक प्रकारच्या लवचीक प्लास्टिकच्या) हलक्या ट्यूब वापरून काम भागेल का?

लांबपल्ला:

टीपीयू ट्यूबविषयी आधी लिहितो. तिचे वजन साध्या ब्यूटाइल रबराच्या ट्यूबच्या तुलनेत फारच कमी असते आणि घडी अगदी लहान होते, म्हणून सोबत ठेवण्याची राखीव ट्यूब म्हणून ती उत्तम आहे. परंतु आपला त्रास काटे आणि चिमटा यांचा आहे, आणि या दोन्हींपुढे तीही शेवटी ट्यूबच. काटा शिरला की थांबावेच लागेल. धारदार खडीच्या वाटेवर सीलंट असलेल्या ट्यूबलेस टायरला पर्याय नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

देखभाल मात्र करावी लागते. ४२ ते ४५ मिमीच्या टायरमध्ये प्रत्येकी साधारण ६० मिली सीलंट घालावे. टायर नवा असेल तर थोडे अधिक घालावे, कारण सुरुवातीला काही भाग भिंतींच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतो. सीलंट कालांतराने वाळते, आणि उष्ण, कोरड्या हवेत ते आणखी लवकर वाळते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हचा आतला भाग काढून आत ओले सीलंट उरले आहे का हे तपासावे आणि कमी असल्यास भर घालावी. महागड्या संरक्षक थराचा टायर असूनही आत सीलंटच्या जागी वाळलेल्या रबराचे गोळे खुळखुळत असतील, तर बारीक काटाही वाटेत थांबवतो. लॅटेक्सवर आधारित काही सीलंटच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याने हवा भरू नये असे निर्मातेच सांगतात, कारण थंड वायूमुळे सीलंट गोठून त्याच्या गुठळ्या होऊ शकतात. साधा हातपंप सोबत असावाच.

सीलंटने न बुजणाऱ्या छिद्रासाठी प्लग ठेवावेत. हे चिकट रबरी पट्टीचे तुकडे सुईसारख्या हत्याराने छिद्रात खुपसायचे असतात. टायर रिमवरून न काढता काम होते, आणि हवा पूर्ण जाण्याआधी प्लग बसवला तर थोडी हवा भरून पुढे निघता येते. भिंतीला लांब काप गेला, तर टायरच्या आतून जाड कापडाचा किंवा जुन्या टायरचा तुकडा लावून त्यावर राखीव ट्यूब घालावी लागते. तो तुकडा घरूनच बेताचा कापून सोबत ठेवावा.

हवेच्या दाबाबद्दल इथे अजून कोणी सविस्तर लिहिले नाही, आणि माझ्या अनुभवात टायरच्या निवडीइतकेच पंक्चर त्यावर अवलंबून असते. ८५ किलो एकूण भार आणि ४२ ते ४५ मिमी टायर असेल, तर पुढे १.९ बार आणि मागे २.१ बार, म्हणजे अनुक्रमे सुमारे २८ आणि ३० पीएसआय (बार आणि पीएसआय ही दोन्ही दाबाची एकके), इथून सुरुवात करावी. नंतर एका वेळी ०.१ बार कमी-जास्त करत एकाच ओळखीच्या वाटेवर सायकल चालवून पाहावी. रिम दगडावर आपटल्याचा आवाज येत असेल किंवा वळणावर टायर खालून सरकल्यासारखा वाटत असेल, तर दाब कमी पडतो आहे. खड्यांवरून चाक उड्या मारत असेल आणि हातांना मुंग्या येत असतील, तर तो जास्त आहे. ३८ मिमीच्या टायरमध्ये ठेवत होतात तोच दाब रुंद टायरमध्ये ठेवू नये. केसिंगवरचा ताण दाब आणि रुंदी या दोन्हींच्या गुणाकाराप्रमाणे वाढतो, त्यामुळे तितक्याच दाबाला रुंद टायर अधिक कडक लागतो. कडक टायर धारदार दगडावर दबून वाकण्याऐवजी कापला जाण्याचा धोकाही अधिक असतो, आणि सीलंटलाही जास्त दाबाखाली छिद्र बुजवणे अवघड जाते.

यासाठी चांगला डिजिटल दाबमापक वेगळा घ्यावा. मोठ्या पंपावरचे काटे एवढ्या कमी दाबाला नीट वाचता येत नाहीत, आणि इथे ०.२ बारचा फरकही हाताला जाणवतो.

चाकोरी:

टीपीआयविषयी: हा आकडा केसिंगच्या एका इंचात किती धागे आहेत ते सांगतो. धागे जास्त म्हणजे प्रत्येक धागा बारीक, त्यांच्यामधले रबर कमी आणि केसिंग मऊ. त्यामुळे १२० टीपीआयचा टायर सहसा हलका व वेगवान असतो, तर ६० टीपीआयचे जाड धागे कापांना अधिक तोंड देतात. यावरून मोठा आकडा सरसकट चांगला असे म्हणता येत नाही. शिवाय आकडा मोजण्याची रीतही सगळीकडे एक नाही. काही निर्माते एकमेकांवर घातलेल्या थरांची बेरीज करून आकडा देतात. कॉन्टिनेंटलच्या टायरवर ‘३/१८०’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ तीन थर मिळून १८०, म्हणजे एका थरात ६० धागे. दोन वेगळ्या निर्मात्यांच्या आकड्यांची थेट तुलना करू नये.

पुढे हलका आणि मागे संरक्षित ही दगडमाती यांची सूचना मी पूर्णपणे मान्य करतो. तशी जोडी घेतल्यास वाढणारे वजन १५० ग्रॅमवर येते, आणि मग माझ्याच हिशेबाने एक तासाच्या चढावरचा फरक सहा-सात सेकंदांचा उरतो.

खडीवाट:

मग मी असे ठरवतो: ट्यूबलेस करायचे, मागे ४५ मिमीचा बीडपासून बीडपर्यंत संरक्षक थर असलेला आणि मधोमध गुळगुळीत टायर, पुढेही ४५ मिमीचाच, परंतु हलक्या केसिंगचा आणि कडेला उंचवटे असलेला. दाब लांबपल्ला यांनी सांगितला आहे तसा ठेवून सुरुवात करेन. यात काही अडचण दिसते का?

दगडमाती:

एकच अडचण दिसते, ती मागच्या ४५ मिमीची. टायरवर छापलेली रुंदी एका ठरावीक रिमवर मोजलेली असते. रिम त्याहून रुंद असली तर टायर छापील मापापेक्षा जास्त फुगतो, आणि वापरात केसिंग ताणले गेल्यावर आणखी थोडा वाढू शकतो. फ्रेमची मर्यादा नेमकी ४५ मिमी असताना मागे ४७ मिमी भरणारा टायर बसला, तर चिखलात अडकलेला खडा फ्रेमचा रंग, आणि फ्रेम कार्बनची असेल तर त्याखालचे कार्बनही, खरवडू शकतो. पुढच्या फोर्कमध्ये सहसा मागच्यापेक्षा जास्त जागा असते. म्हणून पुढे ४५ आणि मागे ४२ मिमी घ्यावे. मागचा टायर अरुंद असल्याने आणि त्यावर भार जास्त असल्याने तिथे २.१ ऐवजी २.२ बारपासून सुरुवात करावी. टायर बसवून हवा भरल्यावर एक दिवस तसाच राहू द्यावा आणि मग सर्वांत रुंद भागी मोजावा. दोन्ही बाजूंना फ्रेमपासून निदान ४ ते ५ मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. आणि आपली रिम हुक नसलेल्या (हुकलेस) प्रकारची, म्हणजे टायरची बीड अडकवणारी आत वळलेली कड नसलेली, असेल, तर तशा रिमसाठी निर्मात्याने मान्यता दिलेलाच टायर घ्यावा आणि रिमवर लिहिलेली दाबाची कमाल मर्यादा पाळावी.